गणिताच्या प्राध्यापकाची झोळी

मुंबईतील श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाच्या नावात एका मातेचे स्मरण आहे. पुण्यात कर्वेनगरच्या परिसरातून फिरताना ठिकठिकाणच्या इमारतींवर देणगीदारांच्या नावाच्या शिला दिसतात. देणाऱ्याचे नाव दगडावर कोरले जाते आणि तसे ते कोरले जावे, हे योग्यच आहे. मात्र ती देणगी मागण्यासाठी कोणी किती उंबरे झिजवले, किती वेळा रिकाम्या हाताने परत आला, किती सुट्ट्या रेल्वेच्या डब्यात आणि अनोळखी गावांत घालवल्या, याची नोंद कोणत्याही शिलेवर सापडत नाही. महर्षी धोंडो केशव कर्वे यांना महाराष्ट्र समाजसुधारक म्हणून ओळखतो, स्त्रीशिक्षणाचे प्रवर्तक म्हणून त्यांच्यापुढे नतमस्तक होतो. परंतु त्यांच्या दीर्घ आयुष्यातील सर्वाधिक तास ज्या कामात गेले, ते काम होते निधी गोळा करण्याचे. त्यांच्या चरित्राची ही बाजू झाकलेली राहिली आहे. आज स्वयंसेवी संस्थांसाठी निधिसंकलन हा एक शिकण्याचा आणि शिकवण्याचा व्यवसाय झाला असताना ती बाजू मुद्दाम पाहण्यासारखी आहे.

अण्णांचा जन्म १८ एप्रिल १८५८ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील शेरवली येथे, आजोळी झाला. मूळ घर दापोली तालुक्यातील मुरूडचे. घराण्याला एके काळी वैभव होते, पण अण्णांच्या वाट्याला आले ते गरिबीचे दिवस. घरात स्वाभिमान मात्र कडक होता. कोणापुढे हात पसरायचा नाही, हा संस्कार आईवडिलांनी मुलांवर बिंबवला होता. पुढे ज्याने आयुष्यभर हात पसरले, त्याच्या मनात हा संस्कार खोलवर रुजलेला होता, हे ध्यानात ठेवले पाहिजे. स्वतःसाठी मागणे आणि कार्यासाठी मागणे यांतील अंतर त्यांना आयुष्यात फार कष्टाने पार करावे लागले.

लहानपणीची एक घटना त्यांच्या चरित्रकारांनी आवर्जून नोंदवली आहे. सहाव्या इयत्तेच्या सरकारी परीक्षेसाठी ते काही सोबत्यांबरोबर मुरूडहून साताऱ्यास पायी गेले. शंभराहून अधिक मैलांची वाट, मध्ये सह्याद्रीचा घाट, वर पावसाची झड. पाय सुजलेल्या अवस्थेत मुले साताऱ्यास पोहोचली, तेव्हा परीक्षा घेणाऱ्यांनी अण्णांकडे पाहून, हा मुलगा वयाने फार लहान दिसतो, असे ठरवले आणि त्यांना परीक्षेस बसू दिले नाही. वय पुरेसे होते, पण अंगकाठी लहान होती. इतकी पायपीट करून दारातूनच परत फिरावे लागले. पुढच्या वेळी ते कोल्हापुरास गेले आणि उत्तीर्ण झाले. नकार पचवून पुन्हा त्याच वाटेला लागण्याचा हा पहिला धडा होता. पुढच्या आयुष्यात असे नकार त्यांना मोजता येणार नाहीत इतके मिळायचे होते.

मॅट्रिक होण्यास १८८१ साल उजाडले. मुंबईस राहून, शिकवण्या करून, विल्सन आणि मग एल्फिन्स्टन महाविद्यालयातून १८८४ मध्ये गणित विषय घेऊन ते बी. ए. झाले. त्यानंतर मुंबईतील शाळांतून अध्यापन आणि पहाटेपासून रात्रीपर्यंत खासगी शिकवण्या, असा त्यांचा दिनक्रम होता. याच काळात त्यांनी मुरूड फंडाची कल्पना काढली. गाव सोडून पोटासाठी बाहेर पडलेल्या मुरूडकरांनी आपल्या मिळकतीचा अगदी लहानसा अंश दरवर्षी गावाच्या हितासाठी बाजूला काढावा, अशी ही साधी योजना होती. रक्कम किरकोळ होती. महत्त्व तिच्यामागच्या विचाराला होते. एकाने शंभर देण्याची वाट पाहण्यापेक्षा शंभरांनी एकेक द्यावा आणि तो दरवर्षी द्यावा, हे सूत्र अण्णांच्या हाती तरुणपणीच लागले. गणिताच्या शिक्षकाला ते पटणे स्वाभाविक होते. नियमाने येणारी लहान रक्कम संस्थेला उभे ठेवते आणि लहरीने येणारी मोठी रक्कम तिला डोलवते, याचा पूर्ण अर्थ मात्र त्यांना पुढे पन्नास वर्षांनी कळायचा होता.

१८९१ मध्ये त्यांच्या पत्नी राधाबाई निवर्तल्या. त्याच वर्षी गोपाळ कृष्ण गोखले यांच्या प्रयत्नाने अण्णा पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गणिताचे प्राध्यापक म्हणून आले आणि पुढच्या वर्षी डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सदस्य झाले. दरमहा ७५ रुपयांच्या वेतनावर वीस वर्षे सेवा करण्याची ती प्रतिज्ञा होती. या संस्थेत त्यांनी आणखी एक गोष्ट जवळून पाहिली. शिक्षणसंस्था केवळ विद्वत्तेवर चालत नाही, तिच्यासाठी कोणीतरी दारोदार जावे लागते. सोसायटीच्या आरंभकाळात महादेव बल्लाळ नामजोशी यांनी संस्थानिकांच्या दरबारी खेटे घालून देणग्या मिळवल्या होत्या, तर स्वतः गोखल्यांनी महाविद्यालयाच्या इमारतीसाठी वर्गणीची मोहीम चालवली होती. टिळक आणि आगरकरांची नावे सर्वांच्या ओठी होती. नामजोशींचे नाव त्या मानाने मागेच राहिले. निधी आणणाऱ्याच्या वाट्याला काय येते, याचे उदाहरण अण्णांच्या डोळ्यांसमोरच होते.

११ मार्च १८९३ रोजी अण्णांनी गोदूबाई या विधवेशी विवाह केला. त्या मूळच्या देवरुखच्या जोशी घराण्यातील, अण्णांचे स्नेही नरहरपंत जोशी यांच्या भगिनी आणि पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनातील पहिल्या विधवा विद्यार्थिनी. विवाहानंतर त्यांचे नाव आनंदीबाई झाले. पुढे सारा महाराष्ट्र त्यांना बाया कर्वे म्हणून ओळखू लागला. या विवाहाची बातमी मुरूडला पोहोचली आणि गावाने बहिष्काराचा ठराव केला. अण्णांना घरात घेतल्यास कुटुंबालाही वाळीत टाकू, असे गावकऱ्यांनी बजावले. ज्या गावासाठी त्यांनी मुंबईत वर्गणी जमवली होती, त्याच गावात आपल्या आईच्या घरी राहण्याची सोय त्यांना उरली नाही. गावावर त्यांनी राग धरला नाही आणि गावासाठी चालवलेले कामही सोडले नाही. ज्याला समाजाकडून पैसा मागायचा आहे, त्याने समाजावर रुसून चालत नाही, ही गोष्ट त्यांच्या स्वभावातच होती.

त्याच वर्षाच्या अखेरीस विधवाविवाहोत्तेजक मंडळी स्थापन झाली आणि तिच्या चिटणीसपदाचा भार अण्णांवर आला. सभासद मिळवणे, वर्गणी जमा करणे, पुनर्विवाह केलेल्या कुटुंबांना धीर देणे यासाठी महाविद्यालयाच्या सुट्ट्यांत ते गावोगाव फिरू लागले. अण्णा वक्ते नव्हते. आवाज मृदू होता, स्वभाव भिडस्त होता, परक्या घरी जाऊन बोलण्याचा त्यांना मनापासून संकोच वाटे. निधी मागणारा माणूस बोलका आणि छाप पाडणारा असावा लागतो, अशी सर्वसाधारण समजूत असते. अण्णांच्या उदाहरणाने ती खोटी ठरवली. ते थोडे बोलत, कामाची माहिती देत, छापील पत्रक हाती ठेवत आणि उत्तराची वाट पाहत. मिळालेली रक्कम रुपयाची असो वा आण्याची, तिची पावती आणि नोंद होई. अपमान झाला तर तो तिथेच ठेवून ते पुढच्या घरी जात.

या फिरतीने त्यांना एक कटू सत्यही शिकवले. पुनर्विवाहाला उघड पाठिंबा देणारे थोडे होते, आणि द्रव्य देणारे त्याहून थोडे. मात्र ज्या विधवांना विवाह करायचा नव्हता, पण ज्यांना घराच्या कोनाड्यात आयुष्य कंठण्याऐवजी शिकून स्वतःच्या पायावर उभे राहायचे होते, त्यांच्यासाठी काही करावे असे वाटणारी माणसे जुन्या मताच्या लोकांतही होती. पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनाविषयी धर्मांतराच्या प्रश्नावरून १८९३ मध्ये वाद उसळला आणि अनेक हिंदू हितचिंतकांनी त्या संस्थेचा आधार काढून घेतला. त्यामुळे अशा एखाद्या आश्रमाची गरज अधिकच तीव्र झाली.

१४ जून १८९६ रोजी अनाथबालिकाश्रमाची स्थापना झाली. डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर अध्यक्ष, अण्णा चिटणीस. निधीचा आरंभ अण्णांनी स्वतःपासून केला. आपल्या शिलकीतील एक हजार रुपये त्यांनी आश्रमाला दिले. ७५ रुपये वेतनाच्या माणसाची ती वर्षाहून अधिक काळची मिळकत होती. आधी स्वतः दिल्यावाचून दुसऱ्याकडे मागायचे नाही, हा त्यांचा नियम शेवटपर्यंत टिकला.

मात्र याच वेळी त्यांना एक असा निर्णय घ्यावा लागला, ज्यावरून त्यांच्यावर दोन्ही बाजूंनी टीका झाली. आश्रम आणि पुनर्विवाहाची चळवळ ही दोन कामे एकाच माणसाच्या हाती राहिली, तर आश्रमात मुलगी पाठवणारे पालकही बिचकतील आणि देणगी देणारेही. अण्णांनी आश्रमाच्या कामात पुनर्विवाहाचा प्रचार करायचा नाही असे ठरवले आणि यथावकाश विवाहमंडळीच्या चिटणीसपदातूनही ते मोकळे झाले. स्वतः पुनर्विवाह केलेल्या सुधारकाने चळवळीतून अंग काढून घेतले, असा आक्षेप सुधारकांनी घेतला. सनातन्यांना तर त्यांच्या हेतूविषयी शंका होतीच. या आक्षेपात काही तथ्य नव्हते असे म्हणता येणार नाही. देणाऱ्यांच्या मताचा मान राखताना संस्थेने आपले किती विचार मुडपून ठेवायचे, हा प्रश्न लोकांच्या पैशावर चालणाऱ्या प्रत्येक संस्थेपुढे असतो आणि त्याचे सोपे उत्तर नाही. अण्णांनी निवड केली ती शिक्षणाची. विधवा शिकली तर पुढचा निर्णय ती स्वतः घेईल, अशी त्यांची धारणा होती. निवडीची किंमत त्यांनी मुकाट्याने सोसली.

आश्रम प्रथम पुण्यात भाड्याच्या जागेत सुरू झाला. पुढे प्लेगच्या साथीने शहरात राहणे धोक्याचे झाले. तेव्हा रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांनी पुण्याजवळच्या हिंगणे या लहानशा गावालगतची सहा एकर जमीन आणि इमारतीसाठी ७५० रुपये दिले. १९०० मध्ये आश्रम तेथे गेला. सुमारे पाचशे रुपये खर्चून बांधलेली एक झोपडी, हे त्या संस्थेचे पहिले स्वतःचे घर. गावाबाहेरचे माळरान, रस्त्याच्या नावाने खडबडीत पायवाट, पावसाळ्यात गुडघाभर चिखल. अण्णा दिवसा फर्ग्युसनमध्ये शिकवत आणि संध्याकाळी चालत हिंगण्यास जात. आश्रमासाठी लागणारे किरकोळ सामानही ते स्वतः वाहून नेत. रात्री मुलींना शिकवावे, तेथेच राहावे आणि सकाळी पुन्हा पुण्यास येऊन तास घ्यावेत, असा क्रम त्यांनी सुमारे दोन वर्षे चालवला. या येण्याजाण्यात शहरातील एखाददुसऱ्या सद्गृहस्थाची गाठ घेऊन वर्गणी मागणे हेही आलेच.

त्यांच्या या कामाला हळूहळू एक पद्धत येत गेली. त्यांना कोणी शिकवणारे नव्हते. अनुभवातूनच त्यांनी आपले शास्त्र तयार केले. आश्रमाचा वार्षिक अहवाल वेळेवर काढायचा आणि त्यात जमाखर्च सविस्तर द्यायचा. एकदा देणगी दिलेल्या माणसाला विसरायचे नाही. त्याच्या पैशाचे काय झाले ते त्याला कळवायचे. शक्य असेल त्याला आश्रमात आणून मुलींचे वर्ग दाखवायचे, कारण ऐकलेल्यापेक्षा पाहिलेले अधिक पटते. मागताना समोरच्याच्या ऐपतीचा अंदाज घ्यायचा, पण कमी दिले म्हणून उपकाराची भाषा कमी करायची नाही. प्रवासखर्च शक्य तितका कमी ठेवायचा, कारण तो वर्गणीतूनच जातो. आज निधिसंकलनाच्या प्रशिक्षणवर्गांत जे पारदर्शकता, देणगीदाराशी सातत्याचा संबंध, नियमित लहान देणग्यांचा पाया अशा शीर्षकांखाली शिकवले जाते, ते या प्राध्यापकाने आपल्या वहीत आकडे मांडता मांडता शोधून काढले होते.

या कामाची झळ सर्वाधिक लागली ती घराला. अण्णांनी आपल्या आयुष्याच्या विम्याची पॉलिसीही आश्रमाच्या नावे करून टाकली. बायांच्या मनाला हे फार लागले आणि त्यात नवल नाही. एकदा वैधव्याचे दिवस पाहिलेल्या स्त्रीला, पतीच्या पश्चात मुलांचे काय, हा प्रश्न जितका टोचेल तितका तो आणखी कोणाला टोचणार? संसाराचा गाडा चालवण्यासाठी बायांनी स्वतः कष्ट उपसले. विवाहानंतर सुईणपणाचे शिक्षण घेण्यासाठी त्या नागपूरलाही जाऊन राहिल्या होत्या. आश्रमासाठी लोकांकडे मागण्याचे कामही त्यांनी केले. आपले हे अनुभव त्यांनी ‘माझे पुराण’ या आत्मचरित्रात मोकळेपणाने लिहून ठेवले आहेत. वसंत कानेटकरांच्या ‘हिमालयाची सावली’ या नाटकाला या दांपत्याच्या जीवनाचा आधार आहे. जगाच्या दृष्टीने निधी गोळा करणारा एकच माणूस असतो. प्रत्यक्षात त्याच्या मागे राहून त्या निधीची किंमत मोजणारे घर असते, याची आठवण बायांच्या चरित्राने कायमची करून दिली.

अण्णांच्या कामाला खरी जोड मिळाली ती बायांच्या धाकट्या भगिनी पार्वतीबाई आठवले यांची. ऐन तारुण्यात वैधव्य आलेल्या पार्वतीबाई एका मुलाला घेऊन अण्णांकडे आल्या, अक्षरओळखीपासून पुढे शिकल्या आणि आश्रमाच्या कामात पडल्या. पुढे निधी जमवण्याची जबाबदारी त्यांनी उचलली. केशवपन केलेल्या, विधवेच्या वेषातील या बाईंना जुन्या मताच्या घरांतही प्रवेश मिळे. अण्णांना जेथे उंबऱ्यावरच थांबावे लागे, तेथे त्या माजघरापर्यंत जात. गावोगाव त्यांनी स्त्रियांच्या सभा घेतल्या, व्याख्याने दिली. घरात मान वर करून न बोललेली स्त्री सभेत उभी राहून समाजाला त्याच्या कर्तव्याचा जाब विचारू लागली. काही वर्षांनी, १९१२ च्या सुमारास, त्यांनी केशवपन सोडले. जो वेष देणग्या मिळवण्यास उपयोगी पडत होता, तोच आपल्या विवेकाला पटत नाही म्हणून टाकणे, यात केवढे धैर्य होते!

त्यांच्या शिकण्याच्या जिद्दीला तर सीमाच नव्हती. इंग्रजी येत नाही म्हणून मोठ्या शहरांतील धनिकांपर्यंत आणि परदेशापर्यंत आपल्याला पोहोचता येत नाही, हे ध्यानात आल्यावर १९१८ मध्ये, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, त्या अमेरिकेस गेल्या. तेथे त्यांनी लोकांच्या घरी घरकाम करून पोट भरले, इंग्रजी शिकल्या आणि आश्रमासाठी काही निधीही जमवून १९२० मध्ये परतल्या. आपल्या कामात अधिक निपुण व्हावे म्हणून पन्नाशीला आलेल्या विधवेने समुद्र ओलांडून परक्या घरची भांडी घासावीत, हे त्या काळातील व्यावसायिक प्रशिक्षण होते! आज कर्व्यांचे नाव सर्वांना ठाऊक आहे. पार्वतीबाईंचे नाव किती जणांना ठाऊक आहे, हा प्रश्न आपण स्वतःलाच विचारावा.

१९०७ मध्ये अण्णांनी महिला विद्यालय सुरू केले आणि पुढच्या वर्षी निष्काम कर्म मठाची स्थापना केली. संस्थांसाठी आयुष्य वाहून घेणारे, अल्प वेतनावर काम करणारे सेवक तयार करणे, हा मठाचा हेतू होता. एकट्या माणसाच्या पायपिटीवर संस्था फार काळ चालणार नाही, हे त्यांनी ओळखले होते. पार्वतीबाईंचा मुलगा नारायणही पुढे या कामात आला. हिंगण्याच्या संस्थेसाठी दिवाळीच्या सुमारास घरोघर जाऊन भाऊबीज मागण्याची प्रथा पडली, ती या विचाराचेच फळ म्हणावे लागेल. कुठल्याशा अनोळखी बहिणीच्या शिक्षणासाठी प्रत्येक घराने आपल्या ऐपतीप्रमाणे ओवाळणी घालावी, ही कल्पना मराठी मनाला इतकी भावली की भाऊबीज निधी हे नाव घराघरांत पोहोचले. पिशवी आणि पावतीपुस्तक घेऊन जिने चढणाऱ्या त्या कार्यकर्त्यांची नावे मात्र कोणी लिहून ठेवली नाहीत.

१९१४ मध्ये अण्णा फर्ग्युसनमधून निवृत्त झाले. पुढच्याच वर्षी मुंबईस भरणाऱ्या राष्ट्रीय सामाजिक परिषदेचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. भाषणाची तयारी करताना, टपालाने आलेली आणि बाजूला ठेवून दिलेली जपानमधील महिला विद्यापीठाविषयीची एक पुस्तिका त्यांच्या हाती पडली आणि आपल्या देशातही असे विद्यापीठ व्हावे, हा विचार त्यांनी परिषदेपुढे मांडला. १९१६ मध्ये ते विद्यापीठ हिंगण्याच्या परिसरात प्रत्यक्षात उतरले. महाविद्यालयात आरंभी विद्यार्थिनी होत्या अवघ्या पाच! सरकारची मान्यता नाही, पदवीला नोकरीच्या बाजारात किंमत नाही, हाताशी भांडवल नाही. मराठीतून उच्च शिक्षण देण्याच्या कल्पनेला महात्मा गांधींची सहानुभूती होती; इंग्रजी हा विषय सक्तीचा असावा की नसावा, यावर मात्र त्यांचा आणि अण्णांचा मतभेद झाला. अण्णांनी आपले मत सोडले नाही आणि सहानुभूतीही गमावली नाही.

या विद्यापीठाच्या घटनेतच अण्णांनी आपले जुने सूत्र गुंफले होते. दरवर्षी ठरावीक वर्गणी देणाऱ्यांना मतदार मानून त्यांच्यामार्फत विद्यापीठाच्या सिनेटवर प्रतिनिधी निवडले जात. पैसा देणाऱ्याला केवळ आभाराचे पत्र न देता संस्थेच्या कारभारात वाटा द्यायचा, ही त्या काळात धाडसाची गोष्ट होती. अशा वर्गणीदारांच्या शोधात अण्णा साठी ओलांडल्यावरही देशभर फिरत राहिले. डॉ. विठ्ठल राघोबा लांडे यांनी मृत्युपत्राने आपली मालमत्ता विद्यापीठाला दिली, तो आरंभीचा मोठा आधार ठरला.

आणि १९२० मध्ये ती घटना घडली, जिची कोणताही निधिसंकलक आयुष्यभर वाट पाहतो. जपानमधील महिला विद्यापीठ प्रत्यक्ष पाहून आलेले मुंबईचे उद्योगपती सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी आपल्या मातोश्रींच्या नावे पंधरा लाख रुपयांची देणगी जाहीर केली. या देणगीतून विद्यापीठाला दरसाल ५२,५०० रुपयांचे उत्पन्न मिळायचे होते. आण्यारुपयांची बेरीज करत आलेल्या माणसाच्या वहीत एकदम पंधरा लाखांचा आकडा आला! विद्यापीठाला नाव मिळाले, स्थैर्य मिळाले, कामाचा विस्तार झाला. विठ्ठलदास मात्र १९२२ मध्येच कालवश झाले.

इतक्यावर दुसऱ्या कोणी विसावा घेतला असता. १९२९ मध्ये, सत्तरी उलटलेले अण्णा परदेशाच्या प्रवासाला निघाले. इंग्लंडमध्ये, जिनीव्हाच्या शिक्षण परिषदेत, डेन्मार्कमधील एल्सिनोर येथील परिषदेत त्यांनी आपल्या प्रयोगाची माहिती सांगितली. बर्लिनमध्ये त्यांची आइनस्टाइन यांच्याशी भेट झाली. अमेरिकेतून जपानला जाऊन, ज्याची पुस्तिका वाचून आपण स्वप्न पाहिले ते टोकियोचे महिला विद्यापीठही त्यांनी डोळे भरून पाहिले. १९३० मध्ये परत आल्यावर त्याच वर्षाच्या अखेरीस ते पुन्हा निघाले, ते आफ्रिकेस. त्यांचे चिरंजीव डॉ. शंकर मोंबासा येथे वैद्यकीय व्यवसाय करीत होते. केनिया, युगांडा, टांगानिका, झांजिबारपासून दक्षिण आफ्रिकेपर्यंत पसरलेल्या भारतीयांच्या वस्त्यांतून हा वृद्ध प्राध्यापक सुमारे सव्वा वर्ष हिंडला. दुकानदार, कारकून, कंत्राटदार अशा साध्या माणसांपुढे उभे राहून मायदेशातील मुलींच्या शिक्षणासाठी तो मागत होता.

या धडपडीचे महत्त्व लवकरच दिसून आले. ठाकरसींच्या पश्चात देणगीच्या अटींवरून त्यांचे विश्वस्त आणि विद्यापीठ यांच्यात मतभेद झाले आणि तिसाच्या दशकात काही काळ वार्षिक उत्पन्न येणेच थांबले. एका मोठ्या आधारावर उभ्या असलेल्या संस्थेची जी स्थिती होते, ती झाली. अखेर तडजोड झाली आणि १९३६ मध्ये विद्यापीठाचे मुख्य कार्यालय पुण्याहून मुंबईस हलले. ज्या माळावर पायपीट करून अण्णांनी हे रोप वाढवले, तेथून ते दुसरीकडे गेले. अण्णांनी हे मनाच्या मोठेपणाने स्वीकारले. संस्था आपली नसते, ती समाजाची असते, असे ते मानत आले होते. आता ते प्रत्यक्षात आणण्याची वेळ होती. मधल्या वर्षांत संस्था तगली, ती देशोदेशींच्या लहान देणग्यांच्या आणि अल्प वेतनावर राबणाऱ्या सेवकांच्या बळावर. मुरूड फंडाचे गणित खरे ठरले होते.

त्याच वर्षी, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, त्यांनी नवे काम हाती घेतले. ज्या खेड्यांत लोकल बोर्डाची शाळा नव्हती, तेथे शाळा काढण्यासाठी महाराष्ट्र ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळाची स्थापना केली. त्यांना दरमहा ७० रुपये निवृत्तिवेतन मिळे. त्यातले १५ रुपये त्यांनी दरमहा मंडळासाठी काढून ठेवले आणि मग लोकांकडे मागायला सुरुवात केली. पंधरा लाखांची देणगी ज्याच्या संस्थेला मिळाली होती, तो माणूस पुण्याच्या रस्त्यांवरून, घरांतून आणि दुकानांतून पुन्हा पैसा-आणा गोळा करीत हिंडू लागला. लहान रकमेची त्याला लाज वाटली नाही, कारण लहान रक्कम देणाऱ्याचे मोठेपण त्याला ठाऊक होते. या मंडळाने चाळीसच्या आसपास खेड्यांत शाळा उभ्या केल्या. पुढे १९४४ मध्ये जातिभेद नष्ट व्हावेत म्हणून त्यांनी समता संघ काढला, तेव्हा ते शहाऐंशीच्या घरात होते.

मानसन्मान पुष्कळ उशिरा आले. ज्या विद्यापीठाच्या पदवीला एके काळी किंमत नव्हती, त्याला १९५१ मध्ये कायद्याने मान्यता मिळाली. बाया मात्र हे पाहण्यास नव्हत्या. १९५० मध्ये त्यांचे निधन झाले होते. १९५५ मध्ये अण्णांना पद्मविभूषण आणि १९५८ मध्ये, वयाच्या शंभराव्या वर्षी, भारतरत्न देण्यात आले. त्यांच्या शताब्दीनिमित्त टपाल खात्याने तिकीट काढले. हयात भारतीयाचे चित्र तिकिटावर येण्याची ती पहिलीच वेळ होती. ९ नोव्हेंबर १९६२ रोजी पुण्यात त्यांची प्राणज्योत मालवली. आयुष्य एकशे चार वर्षांचे झाले.

महर्षींच्या निधनाला साठहून अधिक वर्षे लोटली आहेत. हिंगण्याचा माळ आता शहराच्या पोटात गेला असून कर्वेनगर या नावाने ओळखला जातो. कंपन्यांनी नफ्याचा काही भाग सामाजिक कामावर खर्च करावा, असा कायदा झाला आहे. संस्थांच्या कार्यालयांत निधिसंकलनासाठी स्वतंत्र कर्मचारी असतात, त्यांच्यासाठी अभ्यासक्रम आणि कार्यशाळा असतात, संगणकावर देणगीदारांची नोंद राहते. साधने बदलली, पण दार वाजवून उघडण्याची वाट पाहतानाचा संकोच, नकार ऐकून जिना उतरतानाची खिन्नता आणि तरीही पुढचे दार वाजवण्याची जिद्द यांत काही बदल झालेला नाही. एखादी संस्था नावारूपाला आली की आपण तिच्या संस्थापकाचा आणि देणगीदाराचा गौरव करतो. पावतीपुस्तक घेऊन आलेल्या कार्यकर्त्याला मात्र, आज नाही, पुढच्या आठवड्यात या, असे सांगून वाटेला लावतो. पुढच्या वेळी असा कोणी दारात उभा राहिला, तर निदान त्याला आत बोलावून पाणी द्यावे आणि त्याचे म्हणणे ऐकून घ्यावे. भारतरत्न मिळालेला एक माणूस आयुष्यातील कित्येक वर्षे असाच लोकांच्या दारात उभा होता.